जांभ्याच्या घरात वायफाय: ओटीपासून आगरातल्या खोल्यांपर्यंत

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजपासून या कामाचं लिहून ठेवतेय. घर आंजर्ल्यात, दापोली तालुका. रस्त्याकडून समुद्राकडे लांबच लांब गेलेलं घर, आपल्याकडे असतं तसंच, पुढे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, मग विहीर आणि न्हाणी, मग आगर, म्हणजे नारळी-पोफळीची वाडी, आणि आगराच्या टोकाला पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या, त्यांच्यामागे गडगा आणि थेट पुळण. इंटरनेटची फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, येते ओटीच्या कोपऱ्यात, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि ओटीवर बसलं की ते सगळेच्या सगळे मिळतात. माजघर ओलांडलं की संपलं.

पाहुणे फोनवर आधी मोदक मिळतील का विचारायचे, आता वायफाय आहे का विचारतात, ते एक आहेच. पण खरं कारण बाबा. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हापासून पुण्याचे डॉक्टर महिन्यातून एकदा व्हिडिओवर बघतात. बाबा झोपतात माजघराला लागून असलेल्या बाळंतिणीच्या खोलीत, चारही बाजूंनी चिऱ्याची भिंत, एक छोटी खिडकी, उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार खोली आणि तिथे काहीही रेंज नाही. म्हणून त्यांना ओटीवर येऊन बसावं लागतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं रात्री लघवीला किती वेळा उठता, आणि त्याच वेळी नारळ न्यायला आलेला माणूस पायरीवर उभा. बाबांनी काहीतरी थातुरमातुर सांगून फोन ठेवला, गोळ्यांचं विचारायचं राहूनच गेलं. हे मला अजिबात चालणार नाही.

९ फेब्रुवारी

काही विकत घेण्याआधी मोजायचं असं ठरवलं. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकलं, त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० म्हणजे झकास, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, -८० च्या खाली गेलं की नुसतं कनेक्टेड दिसतं, काम होत नाही. आणि हे आकडे सरळ बेरजेचे नाहीत, ३ ने उतरला की सिग्नल निम्मा, १० ने उतरला की दहावा हिस्सा.

प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं उभी राहिले, फोन छातीशी धरून, एकाच दिशेला तोंड करून. ओटी -४०. माजघर -६१. बाळंतिणीची खोली दार उघडं असताना -७२, दार लावल्यावर -७८. स्वयंपाकघर -७९. मागची पडवी -८६. आगरातल्या खोल्यांमध्ये आमच्या नेटवर्कचं नावच दिसत नाही. वायफाय दोन वारंवारतांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि हे सगळं २.४ चं. ५ गिगाहर्ट्झवालं तर माजघरातच संपतं, कारण वारंवारता जितकी जास्त तितकं भिंतीत जास्त मुरतं.

मग टेप घेऊन खिडकीच्या चौकटीत भिंत मोजली. १८ इंच, वर दोन्हीकडून गिलावा. शहरातल्या फ्लॅटमधली विटेची भिंत ४ किंवा ९ इंचांची असते, यूट्यूबवरची माणसं त्या भिंतींच्या हिशोबाने सांगत असतात की राउटर मधोमध ठेवा आणि झालं.

१६ फेब्रुवारी

आज एक रुपया न खर्चता बराच फरक पडला, म्हणून सविस्तर लिहितेय.

सकाळी अंगण सारवायला घेतलं तेव्हा सगळी दारं उघडी होती आणि अंगणातून सरळ विहिरीचा रहाट दिसत होता. ओटीचं, माजघराचं, स्वयंपाकघराचं आणि मागच्या पडवीचं, चारही दारं एका रेषेत आहेत. लग्न होऊन आल्यापासून बघतेय पण आज वेगळ्या नजरेने बघितलं. राउटर ओटीच्या कोपऱ्यात, म्हणजे तिथून स्वयंपाकघरात जाणारा सिग्नल भिंती तिरक्या कापत जातो. १८ इंचांची भिंत ४५ अंशात कापली तर ती २५ इंचांची होते, अशा दोन भिंती म्हणजे ५० इंच जांभा. चार फुटांच्या वर! दारातून गेला तर मध्ये फार तर लाकडी फळ्या.

फायबरचं तीन-चार मीटरचं वेटोळं राउटरच्या डब्यामागे गुंडाळून ठेवलेलं होतं. ते हलक्या हाताने सोडलं (घट्ट वळवायची नाही, वळणावर आतला उजेड गळतो) आणि डबा कोपऱ्यातून काढून माजघराच्या दाराच्या वर, ओटीच्या बाजूने, चौकटीच्या जरा बाहेर लावला. शेजारी लोखंडी कपाट होतं ते आईंना विचारून पलीकडच्या भिंतीला सरकवलं, पत्र्यामागे सिग्नलची सावली पडते.

परत मोजलं. स्वयंपाकघर -६८. मागची पडवी -७४. म्हणजे ११-१२ डीबी नुसत्या जागेने आले. पण बाळंतिणीची खोली दार लावून -७५, ती त्या रेषेतच नाही, तिला जिथून जाल तिथून भिंतच.

१ मार्च

मेशचा सेट आला, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय करणारे डबे. तीन डबे, वायफाय ६, दोन बँडचे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), साडेनऊ हजार. पहिला फायबरच्या डब्याजवळ, दुसरा स्वयंपाकघरात फळीवर, तिसरा मागच्या पडवीत आगराच्या बाजूच्या खिडकीत. अर्ध्या तासात सुरू. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून -६६ दिसलं आणि फोनवर कांड्या भरलेल्या. आई म्हणाल्या, झालं की गं. मलाही तसंच वाटलं.

८ मार्च

नाही झालं. आज डॉक्टरांचा कॉल होता. बाबा त्यांच्या खोलीत, कांड्या भरलेल्या, आणि चौथ्या मिनिटाला चित्र गोठलं. डॉक्टरांचा आवाज तुटत तुटत येत होता आणि बाबांना वाटलं त्यांना ऐकू कमी यायला लागलंय, कानावर हात ठेवून बसले. शेवटी परत ओटीवर. मला फार वाईट वाटलं. कॉल झाल्यावर त्याच खोलीत स्पीड तपासला तर ६ एमबीपीएस, पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, कधी ४० कधी ३०० मिलिसेकंद.

१६ मार्च

शिमग्यात पालखी घरी येऊन गेली, दोन दिवस कामाला हात नव्हता, त्या वेळात वाचलं आणि आता कळलं की कुठे चुकलं.

फोनवरच्या कांड्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातला सिग्नल सांगतात. तो डबा स्वतः पुढच्या डब्याशी कसा बोलतोय ते त्या सांगत नाहीत. आमच्या आगरात विहिरीवरून पाटाने पाणी जातं तसं आहे हे. वरच्या पाटातच पाणी हातभर खाली असेल तर खालच्या वाफ्याला तोंड कितीही मोठं करा, येणार किती? माझा स्वयंपाकघरातला डबा पहिल्या डब्याला -७१ वर ऐकत होता आणि पडवीतला त्या दुसऱ्याला जेमतेम. शिवाय दोन बँडच्या सेटमध्ये डबे आपापसात बोलतात आणि फोनशी बोलतात ते एकाच ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवरून, एका वेळी एकच बोलू शकतो, म्हणजे एक टप्पा झाला की वेग निम्मा, दुसरा टप्पा झाला की त्याचाही निम्मा. तीन बँडचे सेट मिळतात त्यात डब्यांच्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, पण आमच्या भिंतींना तो पण ५ गिगाहर्ट्झचाच, त्याच जांभ्यात जाऊन मुरणार.

म्हणजे चौथा डबा आणून काही होणार नाही. डब्यांना वायर द्यायला हवी. वायर दिली की प्रत्येक डब्याला पूर्ण नेट मिळतं आणि वायफायला फक्त त्या एका खोलीपुरतं काम उरतं. भिंत मध्ये येतच नाही. एवढं साधं आहे आणि डब्याच्या खोक्यावर ते कुठेही मोठ्या अक्षरात लिहिलेलं नव्हतं.

३० मार्च, पाडवा

दापोलीहून कॅट ६ वायर (नेटवर्कची तांब्याची वायर) आणली. पहिल्या दुकानात खूप स्वस्त होती, तुकडा मागून घेतला आणि तिथेच ब्लेडने एका तारेवर खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार क्रिंप करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, तुटते, लांब अंतरावर त्रास देते आणि आपल्या खाऱ्या हवेत तर विचारायला नको. दुसऱ्या दुकानातली खरवडली तर आतपर्यंत लाल. भाव जवळजवळ दुप्पट पण हीच घेतली, ४० मीटर. सोबत २५ मिलीमीटरचे पीव्हीसी पाइप, क्लिपा, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (नेटच्या एका वायरीला फाटे फोडणारा डबा). कोणी हे काम करणार असेल तर दुकानात खरवडून बघा, दुकानदार नको म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका.

१३ एप्रिल

माळ्याचं काम. १८ इंचांच्या भिंतीला भोक पाडायचं म्हणून मी धास्तावले होते, पण नवरा म्हणाला आधी माळ्यावर चढून बघ. आतल्या भिंती तक्तपोशीपर्यंतच, म्हणजे लाकडी छतापर्यंतच आहेत. वर आढ्याखाली ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत माळा सलग, एकही चिरा मध्ये नाही. घर बांधणाऱ्यांनी वारा खेळता राहावा म्हणून तसं ठेवलं असणार, माझी वायर त्याच वाटेने गेली.

सकाळी सहाला चढलो, दहाच्या पुढे कौलांखाली थांबवत नाही. वायर उघडी ठेवायची नाही, उंदीर आहेत, जुन्या केबल टीव्हीच्या वायरीचं वरचं आवरण त्यांनी हातभर सोललेलं तिथेच पडलं होतं. म्हणून सगळी पाइपमधून. गिरमिटाने तक्तपोशीला दोन भोकं, एक ओटीवर, एक बाळंतिणीच्या खोलीच्या कोपऱ्यात. गिरमिटाच्या पात्याला फणसाचा पिवळा भुसा लागून येत होता, शंभर वर्षांचं लाकूड असेल आणि अजून वास येत होता त्याला. एकूण २२ मीटर वायर.

टोकं क्रिंप केली, दिवा लागला, पण ॲपमध्ये लिंक १०० एमबीपीएसची दाखवत होती, १००० ची (गिगाबिट) नाही. वायरीत चार जोड्या असतात. १०० ला दोनच लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीत गडबड. कनेक्टर भिंगाखाली धरला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती, बाकी सात तारांची टोकं समोरून चकाकत होती आणि आठव्या जागी काळोख. टोक कापलं, परत केलं. क्रम लिहून ठेवते: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. आता १०००.

डब्यांच्या जागा बदलल्या. पहिला होता तिथेच. दुसरा स्वयंपाकघरातून उचलून बाबांच्या खोलीत फळीवर, वायरवर. स्वयंपाकघराला दारांच्या रेषेतून पहिल्याचं -६५ च्या आसपास मिळतंय, ते पुरे. तिसरा खोक्यात ठेवून दिला, त्याची जागा आगरात.

१९ एप्रिल

बाबांच्या खोलीत दार लावून -३९. ९३ एमबीपीएस.

आज कॉल होता. फोन लावून दिला, टेबलाला टेकवून ठेवला आणि मी बाहेर आले. मागून आतून कडी लागल्याचा आवाज आला. पंचवीस मिनिटं. आम्ही सगळे माजघरात उगीच कामं काढून बसलो होतो, कोणी काही बोलत नव्हतं. बाहेर आले ते चष्मा पुसत, म्हणाले रात्रीची गोळी बदलून दिलीय आणि डॉक्टर म्हणाले हे आधी का नाही सांगितलंत.

२६ एप्रिल

छोटी नोंद. पाहुण्यांची बिलं छापायचा प्रिंटर काही फोनना सापडत नव्हता. फायबरचा डबा पण राउटरचं काम करत होता आणि मेश पण, एका घरात दोन नेटवर्क, एकातून दुसऱ्यातलं दिसत नाही. मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे पत्ते वाटायचं काम फक्त फायबरच्या डब्याकडे. आणि त्या डब्याचा स्वतःचा वायफाय बंद केला, नाहीतर फोन जुन्या नावालाच चिकटून राहतात. प्रिंटर सापडला.

४ मे

आता आगर. मागच्या पडवीपासून खोल्यांपर्यंत ७० मीटर. कॅट ६ ला १०० मीटरची मर्यादा, म्हणजे चालली असती, आणि नवऱ्याचं म्हणणं होतं तीच वायर पोफळींवरून ताणून नेऊ. मी भावजींना फोन केला, ते रत्नागिरीला सीसीटीव्हीची कामं घेतात. ते म्हणाले, "वहिनी, आगरातून तांबं अजिबात टाकू नका. मे महिन्यातला आणि दसऱ्यानंतरचा गडगडाट आठवा. वीज वायरीवरच पडायला लागत नाही, आसपास कुठे पडली तरी एवढ्या लांब तारेत दाब येतो, आणि तुमच्या घराचं अर्थिंग वेगळं, खोल्यांचं वेगळं, दोन्हीमधला फरक त्या तारेतूनच वाहणार. एका फटक्यात दोन्हीकडचे डबे." मग काय करू? "काच टाका. काचेतून वीज जात नाही."

म्हणजे फायबरच, आपल्याच आगरापुरती. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (वायरीतला सिग्नल उजेडात आणि उजेडातला परत वायरीत बदलणारा डबा), एक ए बाजूचा एक बी बाजूचा, एकच तंतू असतो, जाताना १३१० नॅनोमीटरचा उजेड आणि येताना १५५० चा, म्हणून ए-बी जोडीच घ्यावी लागते, दोन ए घेतले तर काहीच होत नाही. जोडी चौदाशेला मिळाली. केबलच्या बाबतीत भावजींनी एक गोष्ट बजावून सांगितली, ड्रॉप केबलमध्ये ताण घ्यायला कडेने स्टीलची तार असते, ती असली तर काच टाकून उपयोग काय, तार आहेच वीज न्यायला. स्टीलऐवजी एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची कांडी असलेली मागायची. ती घेतली, ९० मीटर.

११ मे

वरून न्यायची नाही यावर माझं ठाम मत होतं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या निम्म्या पोफळी आणि अकरा माड आडवे झाले, वरून गेलेली एकही वायर उरली नव्हती, कित्येक दिवस गाव अंधारात. आणि वादळ सोडा, एरवी पण वाळलेली झावळी उंचावरून सुटते तेव्हा खाली असलेलं काहीही तोडते.

म्हणून जमिनीतून, ३२ मिलीमीटरचा काळा एचडीपीई पाइप, दीड फूट खाली. गडी आणि नवरा दोन दिवस पहार-कुदळ घेऊन. सरळ रेषा सोडून पाखाडीच्या कडेने नेला, कारण माडाच्या मुळांत पहार घुसत नाही आणि मुळं तोडायला बाबा तयार नव्हते, तेही बरोबरच आहे. विहिरीजवळ वाळू लागली तिथे खणणं सोपं पण कडा ढासळतात, फळ्या लावून धरल्या.

१८ मे

पाइपमधून केबल कशी ओवायची यावर घरात बराच खल झाला. शेवटी असं केलं. मासेमारीचा तंगूस आणला, त्याच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा लिंबाएवढा बोळा बांधला, तो या टोकाला पाइपमध्ये सोडला आणि खोल्यांकडच्या टोकाला व्हॅक्यूम क्लिनर, तोंडाला कापड गुंडाळून. तंगूस रिळावरून भर्रकन सुटत गेला आणि मिनिटाच्या आत पलीकडून नवऱ्याची हाक आली, आला आला! मग तंगुसाला जाड दोरी, दोरीला केबल. सावकाश, हिसका न देता, एकाने या बाजूने भरवायचं आणि एकाने ओढायचं.

स्प्लाइसिंगला, म्हणजे काचेचे तंतू जोडायला, फायबरचं काम करणारा मुलगा मशीन घेऊन आला. विहिरीच्या कठड्यावर पंचा अंथरून त्याने मशीन मांडलं. आतली काच १२५ मायक्रॉन, केसाएवढी, छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं समोरासमोर येताना दिसतात, मग एक ठिणगी आणि मधली फट नाहीशी. पडद्यावर ०.०२ डीबी आलं. १८ इंची भिंत काय घेते आणि हा जोड काय घेतो! कापलेले काचेचे तुकडे त्याने एका बाटलीत जमा करून नेले, ते मला आवडलं, आगरात सगळे अनवाणी फिरतात.

तिसरा डबा मधल्या खोलीच्या पडवीत. खोल्या सिमेंटच्या ब्लॉकच्या, भिंती पातळ, एकाच डब्यात तिन्ही खोल्या येतात: -४४, -५६, -५८. डबा प्लास्टिकच्या पेटीत ठेवला. घरात लोखंडी पेटी रिकामी पडली होती पण लोखंडाच्या पेटीत वायफाय ठेवणं म्हणजे ते बंदच करणं.

२७ मे

पाऊस मृगाची वाट न बघता आला. कोकणात २५ तारखेला मान्सून पोचला, मुंबईत २६ ला, याआधीचं मुंबईतलं सगळ्यात लवकरचं आगमन २९ मेचं होतं. आमची शाकारणी अर्धीच झालेली, मागच्या बाजूची कौलं उतरवून ठेवलेली. रात्रभर ताडपत्री धरून बसलो.

सकाळी बाबांच्या खोलीत फळीवर पाणी. माळ्यावरच्या पाइपात कुठल्यातरी सांध्यातून पाणी शिरलं आणि उतारावरून वाहत थेट डब्याच्या शेजारी टपटपत होतं. चार बोटांवर डबा. चूक माझी, पाइप सरळ खाली आणला होता. आता खोलीत शिरण्याआधी पाइपला खाली वाकवून परत वर घेतलंय आणि वाकाच्या सगळ्यात खालच्या जागी भोक पाडलंय, पाणी आलंच तर माळ्यावर पाण्यासाठी ठेवलेल्या डब्यात पडेल, खोलीत नाही. हे वायर टाकतानाच करायला हवं होतं. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक वायरीला असा झोल द्या.

१५ जून

लाइट दिवसातून चार-पाच वेळा जातेय. घरातले डबे इन्व्हर्टरवर आहेत, पण पडवीतला कन्व्हर्टर साध्या बोर्डावर लावला होता आणि खोल्यांना इन्व्हर्टर नाहीच. पडवीतला इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. खोल्यांसाठी राउटरचा छोटा यूपीएस, ८८०० एमएएचचा. आकडा मोठा वाटतो पण तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, गुणाकार केला की साधारण ३२ वॅट-अवर. डबा आणि कन्व्हर्टर मिळून १० वॅट धरले तर हिशोबाने तीन तासांच्या जरा वर. प्रत्यक्षात दोन तास चाळीस मिनिटं चालला. घेताना हा गुणाकार करूनच घ्या.

२० जुलै

मुद्दाम फेब्रुवारीतल्याच जागांवर, त्याच फोनने परत मोजलं. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो आणि पाणी सिग्नल पितं. एप्रिलमध्ये स्वयंपाकघर -६५ होतं, आज -७१. ६ डीबी म्हणजे चौथा हिस्सा उरला. मागची पडवी -७४ वरून -८१. वायरवरच्या दोन डब्यांच्या खोल्यांत मात्र आकडे तसेच, -३९ च्या जागी -४०. उन्हाळ्यात मेश लावून चांगलं चाललंय म्हणून समाधान मानलं असतं तर आत्ता परत बाबा ओटीवर आले असते. कोकणात मोजायचं तर श्रावणात मोजा.

स्वयंपाकघरासाठी माळ्यावरून आणखी एक वायर टाकावी लागणार.

१० ऑगस्ट

खोल्यांमधलं नेट काल संध्याकाळपासून येऊन-जाऊन. कन्व्हर्टरचे दिवे ठीक, डबा ठीक, मधली एक मीटरची पॅच कॉर्ड काढली तर कनेक्टरच्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी दोनांवर हिरवट बुरशीसारखं. तीन महिन्यांत! समुद्र पन्नास पावलांवर. नवी कॉर्ड घातली, पट्ट्यांना सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी बोटाच्या टोकाने लावलं, पेटीच्या फटी एमसीलने बुजवल्या, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर महिन्याला बदलायच्या, कॅलेंडरवर खूण केली.

३१ ऑगस्ट

गणपतीला मुंबई-पुण्याची सगळी माणसं. २७ ला आरतीच्या वेळी ॲपमध्ये एकतीस फोन जोडलेले दिसत होते, अमेरिकेतल्या नणंदेला अर्धा तास व्हिडिओवर आरती दाखवली, एकदाही अडकलं नाही.

एक अडचण आली. ओटीवरून आगरात चालत गेलं तरी काही फोन ओटीच्या डब्यालाच धरून राहायचे, -८० झाला तरी सोडत नाहीत. कुठला डबा धरायचा ते शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवू शकतो. ८०२.११ के आणि व्ही ही सुचवण्याची पद्धत, आर म्हणजे पटकन हात बदलण्याची, तिन्ही सेटिंगमध्ये चालू केली. त्याने अर्धं काम झालं. बाकीचं पहिल्या डब्याची ताकद उच्चवरून मध्यम केल्यावर झालं, त्याचा आवाज लांबवर पोचतच नाही म्हटल्यावर फोन आपोआप दुसऱ्याकडे जातो. घरच्यांना हे पटवायला वेळ लागला, ताकद कमी करून वायफाय सुधारतं यावर कोणाचा विश्वास बसेना, चालून दाखवल्यावर बसला.

पाहुण्यांचं नेटवर्क वेगळ्या नावाने, वेगळ्या पासवर्डने केलं. बाबांचे सुपारीचे हिशेब आणि बँकेचं सगळं ज्या कॉम्प्युटरवर आहे त्या नेटवर्कवर परकी माणसं नकोत.

७ सप्टेंबर

स्वयंपाकघराची वायर टाकली, ११ मीटर, या वेळी झोल देऊन. डबा जादा घेतला एकच. आईंच्या ओट्याशी -४७. आता त्यांचं दुपारचं कीर्तन चुलीशी बसून चालतं.

हाताशी कॅट ६ सात मीटर, फायबर अठरा मीटर शिल्लक. आगरातल्या पाइपाच्या दोन्ही तोंडांना अजून टोपण बसवलेलं नाही, घूस शिरेल. उद्या सकाळी पहिलं ते.